विस्तव मागं राहिला, चूल आली

केराबाईंच्या घराला पत्ता नाही, नंबरप्लेट आहे. मेंढरांमागं फिरणारं हे बिऱ्हाड पूर्वी घोड्याच्या पाठीवर असे. घोडं म्हातारं झालं तेव्हा मुलानं, शहाजीनं, जुना टेंपो घेतला. ताडपत्रीच्या छपराखाली भांडी, घोंगड्या, कोंबडीचं डालगं, चालता न येणारी कोकरं आणि केराबाई. नवरा धुळा मेंढरं घेऊन पायीच येतो. टेंपोला तो अजून घोडं म्हणतो. हे डिझेल पितं, एवढीच त्याची तक्रार.

केराबाईंचा एक नेम होता. तळ हलला तरी चुलीतला विस्तव विझू द्यायचा नाही. घमेल्यात राखेखाली झाकून पुढच्या तळावर न्यायचा. तो त्यांना सासूनं दिला, सासूला तिच्या सासूनं. मधल्या पावसाळ्यांत काडेपेटी कितीदा कामी आली, याची चर्चा घरात होत नसे.

यंदा पौषात माढ्याकडून नातेपुत्याकडं निघाले, त्या सकाळी गारठा हाडात शिरत होता. नवी कोकरं कुडकुडत होती आणि सुनेची, दिपालीची, तान्ही मुलगी शिंकत होती. केराबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, पुढ्यात घमेलं ठेवलं आणि ताडपत्री चहूकडून आवळून घेतली.

"आत्या, वाईच फट ठिवा की," पुढं शहाजीशेजारी बसायला निघालेली दिपाली म्हणाली.

"फट ठिवली तर ऊब काय तुज्या बापाकडं जाईल?"

सासूचा युक्तिवाद बिनतोड होता. टेंपो निघाला.

टेंभुर्णीच्या अलीकडं डालग्यातली कोंबडी आडवी झाली. हिला गाडी लागली, असं केराबाईंना वाटलं. मग कोकरांनी माना टाकल्या. त्यांचं स्वतःचंही डोकं जड झालं होतं. नात रडायची थांबली, तेव्हा तर त्यांना बरंच वाटलं. पण हलवूनही ती डोळे उघडेना. केराबाईंनी उलथनं उचललं आणि पुढच्या पत्र्यावर बडवायला सुरुवात केली.

"आयला च्या पायजे जनू," शहाजी म्हणाला आणि त्यानं हॉटेलासमोर गाडी थांबवली. हा गैरसमज त्या घराला फार उपयोगी पडला.

ताडपत्री सोडताच गार वारं आत शिरलं. पोरगी क्षीणसं रडली. तिला तसंच उचलून टेंभुर्णीच्या दवाखान्यात नेलं, प्राणवायू लावला. दुपारपर्यंत तिनं दवाखाना डोक्यावर घेतला.

"बंद जागेत निखारे ठेवले की विषारी वायू साठतो, आजी," डॉक्टर म्हणाले.

"धूर न्हवता वो."

"धूर नसतो, वास नसतो. म्हणूनच कळत नाही."

बाहेर येऊन केराबाईंनी घमेलं रस्त्याकडेला उतरवलं आणि स्वतःच्या हातानं त्यावर पाणी ओतलं. बराच वेळ चर्र होत राहिलं. कोकरं सावरली होती. कोंबडी मात्र उठली नाही.

पुढच्या वेळी तळ हलला तेव्हा चुलीचे तिन्ही दगड पहाटेपासून तापत ठेवले होते. केराबाईंनी ते झाडून, निखाऱ्याचा कणही न लागू देता, घमेल्यात मातीच्या थरावर मांडले आणि वर घोंगडं टाकलं. ताडपत्री मागून उघडी ठेवली. नात पुढं आईच्या मांडीवर होती.

"इस्तू न्हाय घेतला?" धुळानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे मागं. चूल संगं हाय की."

नव्या कोंबडीचं डालगं मात्र त्यांनी नजरेसमोर ठेवलं. नातेपुत्याहून नव्या तळापर्यंत त्या तिला सारख्या डिवचत राहिल्या. कोंबडीला हे पसंत नव्हतं, आणि तिनं ते जोरात सांगितलं की केराबाईंना हायसं वाटे.