करुणाच्या तळपायावरची तीट

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... आणि लाइट नेमकी तेव्हाच गेलेली असते! भूत, करणी, नजर — यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही आहे असं मी म्हणणार नाही. मी मुळातच संशयी बाई. दूधवाला असो की देव, तपासल्याशिवाय कुणाला सोडत नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली. स्वतः उलटंपालटं करून पाहिलं आणि तरी हाती काहीच लागलं नाही, असं माझ्या आयुष्यात एवढं एकच आहे.

तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता. नेरडीगोंड्याजवळ, हायवेपासून थोडं आत, एका गावात मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा होती. तिथे मला नोकरी लागली. माहेरी काय, सासरी काय, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात राबलेली माणसं. सरकारी पगार घेणारी बाई मी पहिलीच. माझे मिस्टर इंद्रवेल्लीला मंडल ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, क्लार्क. ते शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी सकाळच्या बसने परत जायचे. गावात दोन खोल्यांचं कौलारू घर भाड्याने घेतलं होतं. त्यात मी, सासूबाई आणि आमची दीड वर्षाची करुणा. मी शाळेत गेले की करुणाला सासूबाई सांभाळायच्या. त्या होत्या म्हणून माझी नोकरी होती.

घर बौद्ध. बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्ती, संध्याकाळी मेणबत्ती आणि वंदना. लेकराला तीट, काळा दोरा, ताईत यातलं काहीही लावायचं नाही हा माझा नियम, आणि या बाबतीत सासूबाई माझ्याहून कडक. दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव टोपल्यात भरून त्यांनी स्वतः पैनगंगेत सोडून दिले होते. ती गोष्ट त्या आल्यागेल्याला सांगायच्या. मला लग्न झाल्यापासून तोंडपाठ होती.

एका संध्याकाळी करुणाला न्हाऊ घालताना तिच्या डाव्या तळपायाच्या मधोमध काळा ठिपका दिसला. मसुराच्या डाळीएवढा, अगदी गोल. डांबर लागलं असेल म्हणून साबण घासला, तर जाता जाईना. वास घेतला... एरंडेलाचा! जुन्या बायका एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरायच्या ना, तो वास. माझ्या आजीच्या घरी मी तो लहानपणी घेतलेला होता, त्यामुळे ओळखण्यात चूक होणार नव्हती. खूप घासल्यावर ठिपका एकदाचा निघाला.

"आत्याबाई, करुणाले तीट लावली काय?" मी सासूबाईंना हसतच विचारलं.

"मले काय इचारून राह्यली वं? म्या कायले लावू?" त्या तांदूळ निवडत होत्या, मानही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपका. तिसऱ्या दिवशीही. जागा तीच, आकार तोच. सकाळी मी निघताना पाय स्वच्छ असायचे आणि संध्याकाळी ठिपका हजर. म्हणजे जे काही होत होतं ते मी शाळेत असताना, दुपारी, करुणा झोपल्यावर. आणि घरात त्या वेळी मोठं माणूस एकच.

माझा संशय कुणावर गेला ते सांगायला नको. तरी आधी शेजारच्या राजव्वाला धरलं. ती तेलुगू बाई, घरामागे भाजीचा मळा होता तिचा. "पापा, पापा", म्हणजे बाळ, बाळ करत करुणाला सारखी कडेवर घ्यायची, आणि स्वतःच्या नातवाच्या गालावर ही एवढी मोठी तीट लावायची. मी काजळ मागण्याच्या निमित्ताने तिची डबी पाहून आले. बाजारातली, कापराच्या वासाची. पायाला लावतेस का, म्हणून आडून विचारलं तर ती हसतच सुटली.

"पाँव को कायकू, टीचरम्मा? दिखना चाहिए ना! छुपाके क्या फायदा?"

तिचं म्हणणं मला पटलं, त्यामुळे राजव्वा सुटली. उरल्या सासूबाई.

आता मी काय काय केलं ते ऐका. सासूबाई वाणसामान आणायला गेल्या तेव्हा त्यांची पेटी उघडून पाहिली. सुपारी, मिश्रीची डबी, दोन लुगडी, माझ्या मिस्टरांचं लहानपणचं टोपडं. एरंडेल नाही, काजळ नाही. मग वाटलं, मेणबत्तीची काजळी धरत असतील. आठवडाभर मेणबत्ती बंद ठेवली, नुसती फुलं वाहून वंदना केली. ठिपका येतच राहिला. शेवटी करुणाच्या पायांत लोकरीचे मोजे घातले आणि नाडीची गाठ माझ्या पद्धतीने, उलटी मारून शाळेत गेले. दिवसभर मुलांना पाढे म्हणायला लावले आणि स्वतः घराकडे कान लावून बसले. संध्याकाळी येऊन पाहते तर गाठ जशीच्या तशी. मोजा काढला — आत ठिपका. मोज्याला मात्र काळा डाग म्हणून नाही.

त्या दिवशी माझा तोल गेला. "आत्याबाई, आता खरं सांगून टाका. भेव वाटत असंन तं तसं सांगा, मी रागावनार नाई. पन माह्या लेकराले चोरून काई लावू नका!"

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग अगदी हळू आवाजात बोलल्या, आणि त्या हळू बोलल्या की घरात सगळे घाबरायचे.

"ह्या हातानं म्या देव सोडले पैनगंगेत. तुह्या नवऱ्याले गोवर आला तवा लोक म्हनत, देवीले नारळ फोड, नाई तं पोरगं जाईन. म्या फोडला नाई. पोरगं मांडीवर घेऊन बसली नुसती. अन् आता तुह्या पोरीले चोरून काजळ लावीन मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी उचलली आणि थोरल्या दिरांकडे बेल्लमपल्लीला निघून गेल्या. दीर तिथे कोळशाच्या खाणीत होते. मीच त्यांना बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी करुणाचा हात धरला, माझ्याकडे पाहिलं नाही.

शनिवारी मिस्टर आले आणि घरात आई नाही म्हटल्यावर डोक्याला हात लावून बसले. "आता पोरीले कोन पाहीन? नौकरी सोडतं काय तू?" मी अजून पर्मनंट झाले नव्हते. हेडमास्तरांनी रजा दिली, पण जास्त ओढू नका असंही ऐकवलं. माझी आई केव्हाच वारली होती, आणि परक्या बाईच्या हाती लेकरू द्यायला माझा जीव धजत नव्हता. म्हणजे एका काळ्या ठिपक्यापायी, घराण्यातल्या पहिल्या बाईची नोकरी जायची वेळ आली होती. रडू येत होतं, पण मनातून एक समाधानही होतं बरं का... आता तरी ठिपका येणार नाही आणि माझंच खरं ठरेल!

रजेच्या पहिल्याच दुपारी मी दाराला आतून कडी लावली. खिडकीही लावून घेतली. बाहेर लख्ख ऊन होतं, कौलांच्या फटीतून चांगला उजेड येत होता. करुणाला सतरंजीवर निजवलं आणि तिचे दोन्ही पाय मांडीवर घेऊन बसले. पाय नुकतेच धुऊन पुसले होते. दोन्ही तळवे मी माझ्या हातांत घट्ट धरले. मी झोपले नव्हते, हे कुणी कितीही वेळा विचारा, मी तेच सांगेन. राजव्वा मळ्यात कुणावर तरी ओरडत होती, ते शब्द न् शब्द ऐकू येत होते.

करुणा झोपेत खुदकन हसली. गुदगुल्या केल्यावर लेकरू पाय आखडून घेतं ना, तसा तिने डावा पाय ओढला. मी मूठ उघडली.

ठिपका होता. ओला, चमकत होता. एरंडेलाचा वास खोलीभर झाला होता. आणि माझा तळहात — ज्याने मी तोच तळपाय दाबून धरला होता — स्वच्छ कोरडा.

मी ओरडले नाही. लेकरू उठेल म्हणून ओरडले नाही. आधी स्वतःची नखं पाहिली, पदर पाहिला, सतरंजी उचलून पाहिली. मग दाराची कडी पाहिली, ती लागलेलीच होती. पुढच्या शनिवारी मिस्टरांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "तूच लावत असशीन, तुले भान राहात नसंन." झालं! आता माझ्याच घरात संशयित मी.

करुणाला घेऊन मी बेल्लमपल्ली गाठली. सासूबाई कामगारांच्या क्वार्टरसमोर नळावर पाणी भरत होत्या. मी करुणाचा डावा पाय त्यांच्यासमोर धरला. सकाळीच बसमध्ये ती माझ्या मांडीवर झोपली होती, त्यामुळे ठिपका ताजाच होता.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मी तं इथं होती," म्हणाल्या.

"हो, आत्याबाई."

"मंग कोन?"

"मले नाई माहीत. चला घरी. तुमच्याबिगर माही नौकरी जाते, अन् हे पोरगी जेवत नाई धड."

त्या नळाकडे वळल्या. हंडा भरला, आत नेऊन ठेवला आणि पेटी घेऊन बाहेर आल्या.

पुढे कित्येक महिने ठिपका येत राहिला. आम्ही अंगारा आणला नाही, कुणाला दाखवलं नाही, राजव्वाला तर कळूच दिलं नाही. संध्याकाळी न्हाऊ घालताना सासूबाई साबण लावून घासायच्या आणि "आज बी हाय" एवढंच म्हणायच्या. करुणा मात्र ठणठणीत. त्या उन्हाळ्यात गावात लेकरांना तापाची साथ आली, अर्धी शाळा रिकामी झाली, हिला साधी सर्दी नाही. याचा त्याच्याशी काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. साथ सगळ्यांनाच धरते असं नाही.

आणि मग साथ अजून गावात असतानाच एका संध्याकाळी तळपाय कोरा निघाला. दोघींनी वाकून पाहिलं. उजवाही पाहिला. मी सुटले म्हणून नाचायला हवं होतं! पण मी दिवा जवळ आणून पुन्हा पाहिलं. इतके दिवस मी 'हे कोण करतंय' म्हणून जळत होते, आणि आता एकच विचार — का थांबलं? कोणाचं लक्ष उडालं माझ्या लेकरावरून? दुसऱ्या दिवशीही पाय कोराच होता.

तिसऱ्या दिवशी शाळेत इन्स्पेक्शन होतं, जाणं भागच होतं. साडी नेसून, पर्स घेऊन तयार झाले, पण पाय उंबऱ्याबाहेर पडेना. सासूबाई मागे पाणी भरत होत्या. मी स्वयंपाकघरात गेले, चुलीवरचं पातेलं उपडं केलं, बुडाची काजळी बोटावर घेतली, त्यात खोबरेल तेलाचा थेंब घातला. करुणा सतरंजीवर खेळत होती. तिचा डावा पाय धरला आणि मधोमध गोल ठिपका लावला. ती खुदकन हसली.

मान वर केली तर मागच्या दारात सासूबाई, कमरेवर हंडा.

मला वाटलं, आता त्या हळू आवाजात बोलणार. त्यांचा हक्कच होता तो. त्यांनी हंडा खाली ठेवला, जवळ येऊन बसल्या, करुणाच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि माझा हात ओढून घेतला. लुगड्याच्या ओल्या पदराने माझं काळं झालेलं बोट नीट, नखाच्या कडेपर्यंत पुसून काढलं.

"बस येऊन राह्यली साहेबाची. जाय तू," म्हणाल्या. "मी हाय न इथं."

करुणा आज हैदराबादला आहे, तिला स्वतःची लेक आहे. यातलं तिला काहीच माहीत नाही. आधीचे सगळे ठिपके कोणी लावले, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. त्या शेवटच्या एका ठिपक्याचं होतं, आणि सासूबाईंनी ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.