रोह्याचा हिरवा ठिपका

सर्व्हर ज्यावर चालतात ते लिनक्स भूमिकाला शिकवलं हरेशने. कॉलेजात तिने त्यावर पेपर लिहिले होते, पण काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाईप करून बंद पडलेला सर्व्हर उठवायचा कसा, हे तिला रामवाडीच्या ऑफिसात आल्यावरच कळलं. हे ऑफिस पेणपासून रोह्यापर्यंत घरांना, दुकानांना आणि काही कारखान्यांना इंटरनेट पुरवायचं. हरेश तिथला जुना माणूस. तिचे वडील धरमतरच्या खाडीत मिठागरावर राबलेले. कॉम्प्युटरवर पोट भरणारी घरातली ती पहिलीच. हरेश तिला कधी हसला नाही. तीही त्याला दादा म्हणायची, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. भावाच्या, निकेशच्या, साखरपुड्याला ऑफिसातल्या एकट्या हरेशलाच तिने बोलावलं होतं. आई सगुणाने त्याला समोर बसवून जेवायला वाढलं. ऑफिसातून फोन आलाय म्हणून तो लवकर उठला, तेव्हा आईला वाईट वाटलं.

ऑफिसातल्या सर्व्हरवर एक प्रोग्राम सतत चालू असे. तो प्रत्येक टॉवरला थोड्या थोड्या वेळाने हाक मारायचा. याला पिंग म्हणतात. टॉवरने ओ दिली की पडद्यावर त्या गावापुढे हिरवा ठिपका, नाही दिली की लाल. ग्राहकाचा फोन आला की भूमिका आधी ठिपका बघायची आणि मग बोलायची.

साखरपुड्यानंतर काही दिवसांनी रोह्याहून वनिताचे फोन सुरू झाले. नदीपलीकडे तिचं बँकेचं छोटं केंद्र होतं. आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं तिथे अंगठा लावून मजुरीचे पैसे काढायची. नेट सारखं जातं, अशी तिची तक्रार होती. भूमिकाने पडद्यावर पाहिलं तर रोह्यापुढे हिरवा ठिपका. आमची लाईन चालू आहे, तुमचं मशीन तपासा, असं तिने सांगितलं. दुसऱ्या खेपेलाही तेच सांगितलं. तिसऱ्या फोनच्या आधी वनिताने नवीन मशीन आणलं होतं.

"आता काय बदलू, सांग," वनिता म्हणाली. "तू येऊन बघ गो एकदा."

भूमिका सकाळच्या गाडीने रोह्याला गेली. वनिताचंच काहीतरी चुकत असणार, अशी तिची खात्री होती. केंद्रात पारी नावाची एक म्हातारी बसली होती, लांबच्या वाडीवरून चालत आलेली. तिने अंगठा पुसला, लावला, परत पुसला. अंगठा झिजला म्हणून मशीन घेत नाय, असं ती स्वतःच सांगू लागली. भूमिकाने आपला लॅपटॉप थेट भिंतीवरच्या, ऑफिसने टाकलेल्या वायरला जोडला. नेट नव्हतंच. तिने मोबाईलवर ऑफिसचा पडदा उघडला. रोह्यापुढे हिरवा ठिपका होता.

परतीच्या गाडीत तिने हरेशला फोन केला नाही. तेव्हा संशय नव्हता; प्रोग्रामच बिघडलाय आणि आपण तो दुरुस्त करून त्याला दाखवू, असं तिच्या मनात होतं.

ऑफिसात तिने हरेशने शिकवलेल्या क्रमानेच सुरुवात केली. प्रोग्राम चालू आहे का, ते पाहिलं. होता. त्याच्या नोंदींत कुठे चूक दिसत नव्हती. बंद करून पुन्हा चालू केला, तरी ठिपका हिरवाच. मग तिने स्वतःच्या हाताने रोह्याच्या टॉवरला नावाने हाक मारली. ओ लगेच आली. जरा जास्तच लगेच. रोह्याला जाऊन परत यायला संदेशाला जेवढा वेळ लागायला हवा, त्याच्या शंभराव्या हिश्शातच ती आली होती. एवढ्या पटकन ओ देतो तो शेजारी बसलेला माणूस. तिने नाव सोडून टॉवरचा आकड्यांतला खरा पत्ता टाकला. काहीच आलं नाही.

लिनक्समध्ये होस्ट्स नावाची एक साधी फाईल असते. कुठल्या नावाचा पत्ता कोणता, ते त्यात लिहिलेलं असतं. भूमिकाने ती उघडली. रोह्याच्या टॉवरपुढे कोणीतरी या सर्व्हरचाच पत्ता लिहून ठेवला होता. इतके दिवस सर्व्हर रोह्याला म्हणून स्वतःलाच हाक मारत होता आणि स्वतःच ओ देत होता.

हे आपोआप होत नाही. फाईल कोणी बदलली, ते तिने शोधलं. नाव तिचंच निघालं. दिवस साखरपुड्याचा, वेळ दुपारची. त्या वेळी ती घरी पाहुण्यांना सरबत देत होती. तिच्या नावाने कोणी कुठून प्रवेश केला, तेही सर्व्हरने लिहून ठेवलं होतं: हरेशच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून. तिचा पासवर्ड पहिल्या दिवशी त्यानेच घालून दिला होता. तो बदलावा असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

हरेश संध्याकाळी आला. तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने वाचलं आणि खुर्ची ओढून बसला. टॉवरवरचं यंत्र मरायला टेकलंय, शेठ नवीन घेत नाहीत आणि कारखान्यांना दर महिन्याला हिरवा रिपोर्ट लागतो, असं तो हळू आवाजात सांगत राहिला. सुभाषशेठ म्हणजे ऑफिसचे मालक.

"माझ्या नावाने का, दादा?" तिने विचारलं.

"तू नवीन हायस. पकडलं असतं तर शिकताना चुकली म्हणून सोडलं असतं तुला. मला नसतं सोडलं."

ती तशीच शेठच्या केबिनमध्ये गेली. शेठने सगळं ऐकून घेतलं. "रिपोर्ट हिरवा ठेव, हे मी बोललो होतो त्याला," ते म्हणाले. "पण तुझं नाव घाल, असं मी नाय सांगितलं. ते त्याचं डोकं."

शेठला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. तिला त्याचाच घाव बसला.

बाहेर येऊन तिने फाईलमध्ये खरा पत्ता लिहिला. काही मिनिटांत ठिपका लाल झाला आणि कारखान्यांना आपोआप जाणारे इशारे गेले. हरेश बघत होता. अडवलं नाही त्याने. मग तिने वनिताला फोन केला. लाईन आमचीच बंद होती, मी तुम्हाला खोटं सांगत होते, पण मला माहीत नव्हतं, असं सांगितलं.

"माहीत नव्हतं तर एवढं ठामपणे कशाला सांगितलंस गो?" वनिता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

कारखान्यांनी ओरड केल्यावर त्या महिन्यात टॉवरवर नवीन यंत्र चढलं. रोह्याला वेगळं ऑफिस उघडलं आणि ते हरेशकडे गेलं. भूमिकाला कोणी काढलं नाही, पण तिच्या टेबलापाशी यायचं लोकांनी बंद केलं. दिवाळीआधी तिने स्वतःच काम सोडलं. आता ती धरमतरच्या एका जेट्टीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. पासवर्ड कोणाला सांगत नाही. परवा तिथल्या एका नव्या मुलीने, नमिताने, काही शिकवा म्हणून विचारलं, तर हिने आधी टाळलं आणि मग रात्रभर वाईट वाटून घेतलं.

काम करताना कुठे अडलं की अजूनही पहिल्यांदा हरेशलाच विचारावंसं वाटतं. याचाच तिला सगळ्यात जास्त राग येतो.