ऑर्फा टिडवेल रडत नव्हती

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी रुमाल काढायला नको. त्या फोटोतली बाई रडत नव्हती. तिच्या डोळ्यांत धूर गेला होता.

तो फोटो ठाऊक नाही असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. विस्कटलेले केस, विटका झगा, त्यावर नवऱ्याचा कोट, गालांवर पाण्याच्या धारा आणि मागे रिकामं आभाळ. खाली छापलंय, 'भुकेचा चेहरा, ओक्लाहोमा'. नाव नाही. नाव दिलं असतं तर पत्ता लागला असता, आणि पत्ता लागला असता तर कुणीतरी जाऊन तिलाच विचारलं असतं, की बाई, काय झालं होतं? तेवढा उद्योग कोण करतो!

मला पत्ता पाठ होता, कारण गावचं टपाल मीच वाटायचो. ऑर्फा टिडवेल, लॅरिमोर गाव, कापसाच्या जिनिंगमागचं दुसरं घर. आणि ही बाई गावाची कोण होती, तर परटीण! हॉटेलाच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, आमच्या चर्चचे पाद्री ब्रदर समरॉल यांचे सदरे, सगळं तिच्या हंड्यातून निघायचं. तिच्या चादरी अशा पांढऱ्या, की हॉटेलात उतरलेले फिरते विक्रेते बूट काढून आडवे होत. त्यांच्या घरी बायकांनी जन्मभर सांगून जे झालं नाही, ते ऑर्फाच्या निळीनं केलं.

मंदीत आधी जिनिंग बंद पडली. तिचा नवरा लेम तिथेच कामाला होता. मग बँकेनं दाराला कुलूप लावलं, आणि त्या कुलपाच्या आत टिडवेलांचं होतं नव्हतं ते सगळं राहिलं. उरला हंडा. चार पोरं आणि एक लेम त्या हंड्यावर जगत होते. आता असं बघा, परटिणीच्या नावावरच डाग पडला, तर तो कशानं काढायचा?

आमच्याकडे सोमवार हा धुण्याचा वार. त्या दिवशी घरातला प्रत्येक बरा कपडा हंड्यात असतो, म्हणून बाईच्या अंगावर घरातला सगळ्यात वाईट कपडा असतो. त्यामुळे सोमवारी कुणी कुणाकडे जात नाही. जावंच लागलं तर बाईकडे न बघता आभाळाकडे बघून बोलायचं. मी तसाच टपाल द्यायचो. आभाळाकडे बघत बघत नीळ कालवलेल्या बादलीत पाय घालण्याचा मान मला अनेकदा मिळालाय.

तर अशा एका सोमवारी शहरातल्या मासिकाचा फोटोवाला आला. मिस्टर व्हिटॅकर. माणूस सज्जन, टोपी काढून बोलणारा. मी कुंपणाशी टपाल घेऊन, अर्थात आभाळाकडे बघत, उभा होतो.

"बाई, तुमचा एक फोटो काढू का?"

"आज? अहो, आज सोमवार!"

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या या. केस विंचरते, निळा झगा घालते, पोरांना ओळीत उभं करते. लेमला दाढी करायला लावते. तेवढ्यासाठी तरी याच, माझं तर तो ऐकत नाही."

"उद्या मी टेक्सासात असेन."

"मग थांबा जरा. दोरीवरचा झगा वाळलाय का बघते."

ती झगा चाचपून परत येत होती, तेवढ्यात वारा फिरला आणि हंड्याखालच्या ओल्या लाकडांचा धूर थेट तिच्या तोंडावर आला. तिनं मनगटानं डोळे पुसले. खट्ट!

"हे काय?" ती ओरडली.

"काही नाही, काही नाही. नुसता उजेड बघत होतो."

ऑर्फानं विश्वास ठेवला. आत जाऊन ओलसर निळा झगा घालून आली, पोरांचे भांग पाडले, आणि चादरींनी भरलेल्या दोरीपुढे सगळे ताठ उभे राहिले. व्हिटॅकरनं तोही फोटो काढला. पोरांना पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या. बाईनं त्याला ताक आणि मक्याचा पाव दिला. भुकेच्या चेहऱ्यानं दिलेला पाव त्यानं दोनदा मागून खाल्ला. हे मासिकात नव्हतं.

मासिकात काय होतं ते वर सांगितलंच. दोरी, चादरी, हंडा सगळं कापून टाकलं होतं. ताक प्यायलेला माणूस असं कसं करू शकतो, हे मला आजही कळलेलं नाही.

गावात ते मासिक यायचं दोनच ठिकाणी, डॉक्टरांकडे आणि हॉटेलवाल्या मिसेस हॅझलटनकडे. म्हणजे तिची दोन्ही मोठी गिऱ्हाइकं! आणि ती मासिकं पोचवणारा गाढव मी. त्याच आठवड्यात मिसेस हॅझलटन हातमोजे घालून जिनिंगमागे आल्या. (आमच्याकडे मान द्यायचा तर लग्न झालेल्या बाईलाही 'मिस' म्हणतात.)

"मिस ऑर्फा, मला सगळं कळतं हो. पण पाहुणे आधी मासिक बघतात आणि मग चादर बघतात."

"मग बघू द्या ना चादर! मी कुठे लपवून ठेवलीय?"

"तसं नव्हे. लोकांना वाटतं, जिचा स्वतःचा झगा असा... आता कसं सांगू..."

"सांगू नका. आत्ता माझ्या डोळ्यांत धूर नाही, तुम्हाला काय म्हणायचंय ते मला स्वच्छ दिसतंय. या तुम्ही."

चादरी गेल्या. पाठोपाठ डॉक्टरांचे कोट गेले. आणि मग गाठोडी यायला लागली. शिकागोहून, बोस्टनहून, मी नकाशातसुद्धा न पाहिलेल्या गावांहून. पत्ता एवढाच, 'भुकेचा चेहरा, ओक्लाहोमा'. आमच्या खात्यातले हुशार लोक ती बरोबर लॅरिमोरला धाडायचे आणि मी पाठीवर वाहायचो. आत काय? एका पायाचे मोजे. नाचायला जायचा बिनपाठीचा झगा. एक उंच काळी टोपी, ती लेमनं दोन दिवस घालून कोंबड्या बिथरवल्या.

"होबर्ट," एक दिवस ऑर्फा मला म्हणाली. तिचा आवाज एरवी असा खाली येत नसे. "ह्यातला एक कपडा धुतलेला नाही. मला मळके कपडे पाठवतात. मला!"

"लोकांना दया आली, मिस ऑर्फा."

"कशाची? धुराची? अरे, मी रडले नाही असं नाही. बँकेला कुलूप लागलं त्या रात्री रडले, कोंबड्यांच्या खुराड्यामागे. तिथे कुणी फोटो काढायला आला असता तर धुण्याच्या दांडक्यानं बदडला असता. आणि मी म्हणते, ती बँक काय रस्त्यात नव्हती? त्या व्हिटॅकरची गाडी तिच्यासमोरूनच आली ना? दार बंद, कुलूप चकाकतंय, समोर ऊन. उजेड बघायचा होता तर तिथे बघायचा!"

ह्याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

गाठोडी फार झाली तेव्हा गावानं मदत कमिटी नेमली. अध्यक्ष कोण? मिस्टर क्रेनशॉ. तेच, कुलूप लावलेल्या बँकेचे मालक. कोर्टाच्या पायऱ्यांवर समारंभ ठरला. पहिलं गाठोडं भुकेच्या चेहऱ्याला द्यायचं आणि आमच्या साप्ताहिकाच्या डॉयलनं फोटो काढायचा. डॉयलचा अंक मंगळवारी निघे, आणि कमिटीत एकही बाई नव्हती, म्हणून वार ठरला सोमवार.

त्या सोमवारी ऑर्फा निळ्या झग्यात आली. खळ घातलेला, इस्त्री केलेला, परीटघडीचा झगा. सोमवारी! बायकांच्या घोळक्यातून श्वास ओढल्याचा आवाज मला लांबवर ऐकू आला. तिच्यामागे लेम, गाडीवर हंडा आणि ओली लाकडं घेऊन. पोरं पाण्याच्या बादल्या घेऊन.

भाषणाच्या मध्येच क्रेनशॉंनी गाठोडं पुढे केलं. "या, मिस ऑर्फा, लाजू नका."

तिनं गाठोडं हुंगलं. "हे धुतलंय का?"

"अं... देणाऱ्यांनी मनापासून दिलंय."

"ते असेल. पण मी पोरांना असलं घालत नाही. आणि आज वार तर धुण्याचाच आहे. लेम, हंडा उतरव."

ब्रदर समरॉल खाकरले. पाहुण्या म्हणून कमिटीशेजारी बसवलेल्या मिसेस हॅझलटननी पंखा हलवायचं थांबवलं. ऑर्फानं ओलं बोट वर धरून वारा बघितला आणि हंडा बरोबर पायऱ्यांकडे वारा जिकडून येत होता त्या अंगाला मांडला. त्या ओकच्या ओल्या लाकडांनी असा धूर सोडला की विचारू नका. कमिटी जागची हलेना, कारण भाषण अर्धं राहिलं होतं आणि अर्धं भाषण टाकून निघेल तो क्रेनशॉ कसला! तो खोकत बोलत राहिला. त्याच्या गालांवरून धारा लागल्या. ब्रदर समरॉल टिपं गाळू लागले. मिसेस हॅझलटनचं नाक लाल झालं.

"डॉयल," ऑर्फा हंडा ढवळत म्हणाली, "काढ रे. सांग त्यांना, नुसता उजेड बघतोयस."

खट्ट!

गाव इतकं हसलं की मंदी आल्यापासून तसं हसलं नव्हतं. पण ऑर्फा हसली नाही. तिनं खरोखर सगळं गाठोडं धुतलं, नीळ दिली, कोर्टाच्या कुंपणावर वाळत घातलं. बिनपाठीचा झगासुद्धा. मिसेस हॅझलटन डोळे पुसत कुंपणाशी गेल्या, पोराचा एक सदरा हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मंगळवारी हॉटेलाच्या चादरी आल्या. मागच्या दारानं लपूनछपून नव्हे, पुढच्या फाटकानं आल्या, हे मुद्दाम सांगतो.

डॉयलनं तो फोटो त्या मासिकालाही पाठवला होता. परत आला. रडणारा बँकवाला त्यांना नको होता. त्यांचा पहिला फोटो मात्र पुढे कुठे कुठे छापला गेला. परवा माझ्या नातीच्या शाळेच्या पुस्तकात दिसला, अजून बिननावाचा. मी तसाच शाळेत गेलो. मास्तर म्हणाले, "आजोबा, फोटो फार बोलका आहे."

"बोलका असता," मी म्हटलं, "तर त्यानं नाव सांगितलं असतं."

दुसरा फोटो ऑर्फाच्या धुण्याच्या पडवीत शेवटपर्यंत टांगलेला होता. कमिटीचे सगळे ओळीनं रडताहेत. नवं गिऱ्हाईक आलं की हमखास विचारी, "बाई, हे बिचारे कशाला रडताहेत हो?"

ऑर्फा चादरीची घडी घालत म्हणायची, "मला काय ठाऊक? मी नुसती तिथे धुणं धूत होते."