मधली खुर्ची

माझं लग्न झालं त्याच महिन्यात सासऱ्यांनी साउंड सिस्टीम घेतली. घरात एकदम दोन नवी माणसं आल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर माझं कौतुक जरा कमीच झालं. तुला खिडकीजवळ बरं वाटतं की भिंतीजवळ, असं मला कुणी विचारलं नाही. तिच्यासाठी मात्र दुकानातला माणूस दोनदा घरी आला, टिचक्या मारून भिंती तपासून गेला. त्याच्या सल्ल्यावरून सोफा गॅलरीत गेला आणि सासूबाईंचं कपाट पॅसेजमध्ये. तेव्हापासून पॅसेजमधून सगळे आडवे होऊन जायला लागले.

सासऱ्यांचं चौकात सलून होतं. उभं राहून राहून पाठ धरायला लागली तेव्हा त्यांनी ते माझ्या नवऱ्याच्या हाती सोपवलं आणि ते घरी बसले. त्यांच्या मनात एक जुनी इच्छा होती. सलूनमध्ये जन्मभर रेडिओ चालू, पण एकही गाणं त्यांना धड ऐकायला मिळालं नव्हतं. अंतरा सुरू झाला रे झाला, की गिऱ्हाईक म्हणणार, कल्ले जरा वर घ्या. जरा रंग भरतोय तोवर बाकावरचा कुणीतरी महागाईवर घसरणार. एक गाणं, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मध्ये कुणी तोंड न उघडता ऐकायचं, एवढंच त्यांना हवं होतं. एवढ्याशा इच्छेपायी घरात माझ्या खांद्याएवढे उंच दोन स्पीकर आले आणि एक ॲम्प्लिफायर आला. तो उचलताना माझ्या नवऱ्याच्या कमरेत उसण भरली, ती उतरायला पंधरवडा लागला.

दुकानदाराने सांगितलं होतं की दोन्ही स्पीकरचा आवाज एका ठरावीक जागी नीट जुळतो. त्या जागी सासऱ्यांनी खुर्ची मांडली आणि तिच्या चारही पायांभोवती फरशीवर निळी पट्टी चिकटवली. त्या खुर्चीत मिळतं ते गाणं, बाकी घरात नुसता आवाज, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, थापा. म्हणून एकदा फरशी पुसताना मी खुर्ची मुद्दाम वीतभर सरकवली. संध्याकाळी सासरे बसले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, गायिका डावीकडे का गेली?

नियमांनी तर आमच्या नाकी नऊ आणले. गाणं लागलं की पंखा बंद, कारण तो घरघरतो. कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी होते. दाराच्या घंटीत कापसाचा बोळा. घामाघूम होऊन आम्ही भिंतीला टेकून बसायचो आणि भाजी कच्ची ठेवून सासूबाई आमच्यात येऊन बसायच्या. घरात प्रत्येकाला एकदा खुर्चीत बसायला मिळालं. सासूबाई बसल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घोरू लागल्या. मग माझी पाळी आली. गाणारी बाई माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी होती. ओळ उचलण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला. त्या दिवसापासून मी सासऱ्यांची टिंगल निम्मी केली.

घरोबा होता तो एका पोस्टमनकाकांशी. सलून उघडलं त्या वर्षापासूनचे ते सासऱ्यांचे मित्र. बायको गेल्यावर एकटेच राहायचे, दोन गल्ल्या सोडून. रोज संध्याकाळी चहाला आमच्याकडे. सासरे घरी बसल्यावरही काकांचे केस तेच कापायचे, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आमच्या गॅलरीत. काका बोलायला लागले की थांबायचे नाहीत. जन्मभर लोकांची पत्रं न वाचता पोचवली, त्याचा वचपा काढल्यासारखे बोलायचे. गुडघे, गुडघ्यांचे डॉक्टर, डॉक्टरांच्या जिन्याच्या पायऱ्या, त्या पायऱ्या बांधणारा गवंडी, असं ते कुठून कुठे जायचं.

सिस्टीम आल्यावर पहिले काही दिवस सासऱ्यांनी त्यांना नुसते डोळे वटारून दाखवले. मग एका संध्याकाळी बासरी सुरू झाली, अगदी बारीक, आणि काका म्हणाले, "अरे, काल गुडघ्याचं काय झालं माहितीय का?" सासऱ्यांनी गाणं बंद केलं. आमच्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, ते हेच."

काकांनी अर्धा प्यालेला चहा खाली ठेवला, चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. महिनाअखेरीचा रविवार आला तरी त्यांचा पत्ता नाही. सासूबाईंनी दोनदा विषय काढला, तेव्हा सासरे म्हणाले की आपण कुणाला जा म्हटलं नव्हतं. जिभेला हाड नसतं हे खरं, पण शब्द मागे घ्यायच्या वेळी या माणसाच्या मानेला मात्र लोखंडी सळई होती.

आता त्यांना हवी तेवढी शांतता मिळाली. गाणी सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकू लागले. मी आतून बघायचे. गाणं संपलं की ते उजवीकडे मान वळवायचे. तिथे काकांचं स्टूल असायचं. मग मान सरळ करून दुसरं गाणं लावायचे. एकदा मी चहा द्यायला गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाणं पुरतं ऐकून झाल्यावर पुढे काय करायचं, हे त्या दुकानदाराने सांगितलंच नाही."

मला फार वाईट वाटलं. काकांना बोलवा ना, असं मी म्हणाले. तर पुन्हा तेच पालुपद, उठून तो गेला, मी नाही.

असे आणखी काही आठवडे गेले आणि एक दिवस भाजी घ्यायला गेले असताना मला काका दिसले. आधी ओळखलंच नाही. केस कानांवरून खाली आलेले, मागे कॉलरवर टेकलेले, पुढे बट डोळ्यांत. दुधी निवडताना एका हाताने ती मागे सारत होते. मी म्हटलं, काका, आमच्या सलूनमध्ये तरी जायचं, माझा नवरा तुमच्या पुतण्यासारखाच आहे. त्यांनी मान हलवली. म्हणाले, पोरगा गुणी आहे, पण मी माझं डोकं दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेलं नाही, आता या वयात काय देऊ.

घरी आले तेव्हा गाणं चालू होतं. नियम मला पाठ होते. तरी मी पिशवी हातात धरून, भर गाण्यात, सगळं सांगून टाकलं.

सासऱ्यांनी गाणं तोडलं. "कान झाकलेत?"

"दोन्ही."

"आणि मानेवर?"

"कॉलरपर्यंत."

ते उठले. एरवी सिस्टीमवर कापड घातल्याशिवाय खोली सोडायचे नाहीत, पण त्या दिवशी दिवे तसेच लुकलुकत ठेवून, पायात सासूबाईंच्या चपला अडकवून ते जिना उतरले. मी आणि सासूबाई खिडकीत उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने दोघं कोपऱ्यावरून वळताना दिसले. पुढे सासरे, मागे चार पावलांवर काका.

गॅलरीत आता सोफा होता, तिथे खुर्ची ठेवायला जागाच नव्हती. सासऱ्यांनी काकांना मधल्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि सवयीने गाणं लावलं. तीच बासरी होती. काका तोंड गच्च मिटून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. सासऱ्यांची कात्री कानामागून फिरायला लागली, केस फरशीवर निळ्या पट्टीवर पडायला लागले. माझा जीव टांगणीला लागला होता. दोघांपैकी एकाने तरी बोलावं आणि दोघंही हट्टी.

अंतरा सुरू झाला तेव्हा काकांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "बोलू का?"

सासऱ्यांनी दोन बोटांनी त्यांची हनुवटी जरा वर उचलली. "बोल की. फक्त मान हलवू नकोस."

काकांनी गुडघ्यापासून सुरुवात केली, आणि गाणं कधी संपलं ते आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.