बँकॉकची बाटली

आम्ही तव्यावर खारा बांगडा भाजायला घेतला, की समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचं दार धाडकन लागतं आणि पाठोपाठ उदबत्तीचा वास येतो. परवा त्यांनीच आम्हाला नूडल्स खायला बोलावलं. बँकॉकहून आणलेली एक बाटली त्या अत्तरासारखी जपून शिंपडत होत्या.

"फिश सॉस आहे! चवीला काय खोली आहे बघा."

चव छान होती, खोटं कशाला बोलू? पण ती मिठात मुरलेल्या मासळीचीच होती. मासा मरतो, त्याच्या अंगातले एन्झाइम मात्र कामाला लागतात. प्रथिनांचे बारीक तुकडे करत राहतात आणि त्या तुकड्यांचीच चव आपल्या जिभेला लागते. माझ्या आईच्या बरणीतल्या बांगड्यातही हेच चालतं. एन्झाइम बिचारे पासपोर्ट बघत नाहीत. ते काम नाकं करतात. मुरडायची सवय लागलेल्या नाकाला वास कळतच नाही, फक्त पत्ता कळतो.

"आणखी घालू?" वहिनींनी विचारलं.

"घाला की," मी म्हटलं, "पण वहिनी, आज उदबत्ती लावायची राहिली वाटतं."