आमच्या गेमचा प्रचार

बंदुकीचा गेम काढतोय म्हटलं की लोक आधी हसायचे. असले गेम बाजारात पोत्यानं पडलेत. शिरूरच्या स्टँडवर बघा, नाहीतर कुरकुंभला शिफ्ट सुटल्यावर दौंडच्या गाडीची वाट बघणारी पोरं बघा. सगळे त्याच दोन-तीन गेममध्ये माना घालून एकमेकांना मारत बसलेले. ते सोडून त्यांनी आमचा का घ्यावा? हा प्रश्न आम्हा तिघांना रोज पडायचा आणि रोज आम्ही तो बाजूला सारून कामाला लागायचो. आमची लढाई उसाच्या फडात होती. समोरचा दिसत नाही, पानं वाजली की समजायचं कुणीतरी जवळ आलंय. तेवढ्यावरच आमची सगळी भिस्त होती.

पुण्यातल्या एका कंपनीनं सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यात गेम वर आला तर पुढं पैसे लावू, नाहीतर विषय संपला. विषय संपला तर तिघांनी तीन ठिकाणी नोकऱ्या धरायच्या, हेही आमचं ठरलं होतं.

हे मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं. मांडवगणला आमची शेती आहे, पण आप्पांचा जीव निवडणुकीत. सोसायटी असो, ग्रामपंचायत असो, दुसऱ्यासाठी मतं गोळा करावीत ती आप्पांनीच. स्वतः एकदाच उभे राहिले आणि पडले. ‘पडले’ हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही. ‘थोडक्यात गेली जागा’ असं म्हणायचं.

“गेम वर येणं म्हंजी काय?” त्यांनी विचारलं.

“लोकांनी मोबाईलवर घ्यायचा आणि आवडला तर चांगलं लिहायचं. जेवढी माणसं जास्त, तेवढा वर.”

“आन् हे आठ दिवसांत?”

“हो.”

“मग तू कशाला जीव काढतीस? हे तर इलेक्शन हाय!”

मी हसले. अहो, हसण्यासारखंच होतं ते. फोन ठेवल्याठेवल्या हा माणूस चपला घालून बाहेर पडणार आहे, हे मला काय माहीत!

गेम बाजारात आला. सुरुवात बरी झाली. अनोळखी लोक खेळत होते, काही शिव्याही घालत होते. कुणीतरी लिहिलं, पानांचा आवाज ऐकून अंगावर काटा आला. ते वाचून मला रडूच फुटलं. मग एका दुपारी आकडा एकदम उसळला. आम्ही नाचलो. काय लिहिलंय ते वाचायला घेतलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एकाखाली एक, सगळ्यांचं एकच वाक्य: ‘आपल्या गावच्या कन्येचा गेम लय भारी.’

आप्पांनी अख्खा गाव देवळाच्या सभामंडपात गोळा केला होता. चहा होता, वडापाव होता, सगळ्यांना मिळून एकच वायफाय होतं. काय लिहायचं ते फळ्यावर लिहून ठेवलेलं. भावकीत ज्यांच्याशी बोलणं बंद, त्यांच्याही दारात ते गेले होते. चुलती मला फोनवर म्हणाली, “अगं, भावजींनी स्वतःच्या इलेक्शनला कुणाला हात जोडले न्हाईत, ते तुझ्यासाठी जोडले.”

दुसऱ्या दिवशी आमचा गेम स्टोअरवरून काढून टाकला. एकाच जागेवरून, एकाच शब्दांत आलेली खोटी पसंती, असं कारण कळवलं. खोटी! वाक्य फळ्यावरचं असेल, पण माणसं तर खरी होती ना? हे सांगायचं कुणाला? आम्ही लिहून लिहून थकलो, तिकडून तेच छापील उत्तर यायचं. गेम परत दिसायला लागला तोवर आठवडा निघून गेला होता आणि कंपनीवाले फोन उचलत नव्हते.

माझे दोघे जोडीदार मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आप्पांचा मला इतका संताप आला होता की गावी गेले ती भांडायलाच.

आप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मोबाईलवर आमचाच गेम चालू होता. गोळी कशी मारायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा माणूस उसात नुसता उभा होता आणि पानं वाजत होती. मला बघून ते उठायला लागले, पण गुडघा धरून परत बसले.

“काय झालं गं निकालाचं?” त्यांनी विचारलं.

वाटेत घोकून ठेवलेलं सगळं माझ्या ओठावर होतं. त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हटलं, “थोडक्यात गेली, आप्पा.”

त्यांनी मोबाईल बंद करून खिशात ठेवला.

“माझंच चुकलं, पोरी,” ते म्हणाले. “नदीकडची वस्ती राह्यली माझी. गुडघा धरला व्हता, म्हनून उद्यावर टाकलं. तेवढी वस्ती फिरलो असतो, तर आली असतीस निवडून.”