एका दाराचा कक्ष

नगरपालिकेत मी जन्म-मृत्यू विभागात लिपिक होते. गावात हिंसा प्रतिबंध कक्ष काढायचं ठरलं तेव्हा मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, बायका तुमच्याशी मोकळं बोलतात. कक्ष तुम्हीच उभा करा." नाही म्हणायची सोय नव्हती.

खोली मिळाली ती पाणीपट्टीच्या हॉलला लागून, जुन्या फायलींची. दार एकच, तेही हॉलमध्ये उघडणारं; मागे बोळाकडे गजांची एक खिडकी. आत येणारी बाई रांगेतल्या सगळ्यांना दिसायची. मागच्या भिंतीत दार पाडून द्या म्हणून मी तीनदा अर्ज केला. ठरावाशिवाय भिंतीला हात लावता येत नाही, असं उत्तर आलं. दीड महिना कक्षात कुणी फिरकलं नाही.

पहिली आली ती म्हसावदची लेक, आमच्या गावात दिलेली. कानाजवळ सूज होती. ती बोलायला लागून अर्धा तास झाला नाही तोच तिचा नवरा दारात उभा. रांगेतल्या कुणीतरी त्याला फोन केला असणार. आवाज न चढवता मला म्हणाला, "मी काय मारी ऱ्हायनू का? मन्ही बायको शे, तिले घर लई जासू." आणि तिला घेऊन जायला हॉलमधल्या बाकावर बसून राहिला.

मी आतून कडी घातली. पोलिसांना फोन केला. येतो म्हणाले, आले नाहीत. ती फायलींच्या गठ्ठ्यावर बसून पुन्हा पुन्हा विचारत होती, "आते मी कथी जाऊ?" कुठे जाणार, दार एकच होतं. तिच्यासाठी उभ्या केलेल्या खोलीत मीच तिला कोंडलं होतं, आणि तिच्याबरोबर स्वतःलाही.

चारच्या सुमाराला मागच्या खिडकीवर टकटक झाली. बोळ झाडणारी आमची सफाई कामगार बाई होती. हॉलमधला प्रकार तिने पाहिला होता. "ताई, गज गंजेल शेतस. काढू का?"

मी हो म्हटलं. तिने पहारीने तीन गज उचकटले. म्हसावदच्या लेकीला आम्ही खिडकीतून उतरवलं. सफाईवालीने तिला अक्कलकुव्याच्या एसटीत बसवून दिलं, तोवर नवरा बाकावरच होता. तिथे तिची बहीण होती. म्हसावदची लेक अजून तिथेच आहे, शिवणकाम करते.

आठवड्याने मला मालमत्तेच्या नुकसानीची नोटीस आली. "गज मी काढायला सांगितले," एवढंच लिहून दिलं. खिडकीला जाड जाळी बसली. मी बदली मागितली, ती नामंजूर झाली.

आता बायकांना मी नगरपालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाच्या खोलीत भेटते. तिथे कोण कशाला आलं, कुणी विचारत नाही. उरलेला दिवस मात्र कक्षातच काढावा लागतो, कारण माझी हजेरी तिथली आहे.